दोनच गोळ्या

माझ्या लग्नाला तीन आठवडे झाले होते, तेव्हा मला कळलं की माझ्या नणंदेला फिट येतात.

ती पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलेली. मी वीस वर्षांची, बारावी करून भिवंडीच्या टेमघरला नांदायला आलेली. सकाळची वेळ होती. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी वांगी चिरत बसले होते. तिचा हात परातीतच थांबला. मी म्हटलं, "काय गो, दमलीस?" ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. मग परातीसकट ती खाली आली. हातपाय ताठ झाले, दात आवळले गेले. सासूबाई बाहेरून धावत आल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला पहिला शब्द बोलल्या तो, "दार लाव."

मी दार लावलं. थोड्या वेळानं ती शांत झाली, झोपली. सासूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वर्षां झाली. कुनाला बोलू नको. तिचा लग्न व्हायचा हाय."

माझ्या माहेरी हे कुणी सांगितलं नव्हतं. राग आला, पण तो किती दाखवायचा हे तीन आठवड्यांच्या सुनेला ठाऊक नसतं.

आमचं घर मागांच्या शेडला लागूनच. सासऱ्यांची एके काळी भातशेती होती. बरीचशी विकून उरलेल्या तुकड्यावर त्यांनी बारा लूम टाकले होते. मागांच्या खडखडाटानं आमच्या फडताळातल्या कपबश्या दिवसभर किणकिणत असायच्या. शुक्रवारी सुट्टी, आणि एरवी लोडशेडिंगमध्ये वीज गेली की आवाज एकदम बंद व्हायचा. त्या शांततेत शेजारपाजारचं सगळं ऐकू यायचं, म्हणून सासूबाईंना वीज गेलेली वेळ सर्वांत धास्तीची वाटे. तेवढ्यात पोरीला फिट आली तर?

तोवर दोन भगत झाले होते. तिच्या दंडाला ताईत होता. मी धीर करून सांगितलं की आमच्या गावात एका मास्तरांच्या मुलाला असंच व्हायचं, तो गोळ्या घेतो आणि आता सायकल चालवतो. सासूबाई आठ-दहा दिवस काही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, "चल. तुझ्या त्या गोळ्या घेऊन येऊ."

नारपोलीला एक डॉक्टर होते. त्यांनी नीट तपासलं, मेंदूचा आलेख काढून आणायला लावला आणि गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. "एकही चुकवायची नाही आणि मनानं बंद करायची नाही," ते म्हणाले. रिक्षात सासूबाईंनी गोळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "तुला वाचता येतंय. तूच दे तिला."

त्या घरात माझ्या हाती आलेलं ते पहिलं काम. भांडी, धुणं मी करतच होते, पण ते कुणीही केलं असतं. हे मला म्हणून दिलं होतं. मी एका स्टीलच्या डब्यात गोळ्या ठेवल्या. गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेनानं एक रेघ मारायची. दिवसाला दोन रेघा. नणंद हसायची, "वैनी, शाळेत हजेरी घेतात तशी घेतेस."

फिट थांबल्या. आठवडा गेला, दोन गेले. तिनं ताईत स्वतःच सोडून देवघरात ठेवला. सासूबाई एकदा माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढून गेल्या. मधला तुकडा आमच्यात कुणाला जातो ते मला कळायला लागलं होतं.

मग गणपती झाल्यावर एक दिवस ती जिना उतरताना भिंत धरून उतरली. मी विचारलं तर म्हणाली, "पाय कुठं पडतो तेच समजत न्हाय." पुढे तिचे शब्द जड झाले, जिभेवर गरम भात ठेवून बोलल्यासारखे. वहीतलं अक्षर ओळीवरून घसरायला लागलं. सुईत दोरा ओवायला ती माझ्याजवळ आली तेव्हा मी तिचे डोळे जवळून बघितले. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरत होती, एका जागी ठरत नव्हती.

शाळेतून निरोप आला. बाईंनी सासऱ्यांना बोलावून घेतलं आणि दार पुढे ढकलून विचारलं, "मुलगी काही पिऊन येते का?" सासरे मान खाली घालून परत आले. शेडवरच्या उत्तर प्रदेशातल्या मुकादमानंही तिला अंगणातून जाताना बघितलं होतं. म्हातारा माणूस, वीस वर्षं आमच्याकडे होता, तिला त्यानं कडेवर खेळवलेलं, तिच्या फिटचं घराबाहेर एकट्या त्यालाच ठाऊक. तो काळजीनं म्हणाला, "सेठ, बुरा मत मानना, ये तो भाँग वाली चाल है." आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "हमारे गाँव में तो मिरगी वाले को भाँग देते थे, यहाँ उलटा हो रहा है."

आम्ही पुन्हा नारपोलीला गेलो. सासरे, सासूबाई, मी आणि ती. डॉक्टरांनी रक्त घेऊन मुंबईच्या लॅबला पाठवलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"हे औषध रक्तात एवढं कसं? दोन गोळ्यांत एवढं येत नाही. चार-पाच घेतल्या तर येईल." मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. "गोळ्या कोण देतं?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "ही."

मी म्हटलं, "दोनच देते मी. रोज लिहून ठेवते." माझा आवाज मलाच खोटा वाटला. खरं बोलणाऱ्याचा आवाजही कधी कधी असा कापतो, हे मी तेव्हा शिकले. डॉक्टर वाईट नव्हते. ते म्हणाले, "चुकून होतं कधी. दोनाच्या जागी चार. काही दिवस गोळी बंद ठेवा, मग परत दोनच सुरू करा. आईनं स्वतः द्यायच्या."

घरी आल्यावर सासरे ओटीवर बसून म्हणाले, "नवीन मानसाच्या हाती औषध द्यायला नको होता." चुकून हा शब्द डॉक्टरांनी वापरला होता. घरात तो परत कुणी वापरला नाही.

माझा नवरा गोदामात सुपरवायझर होता. ड्युटीवरून आला, सगळं ऐकलं, डबा उघडला आणि आणलेल्या पट्ट्या नि उरलेल्या गोळ्या मोजल्या. माल मोजणं त्याचं रोजचं काम. मोजून झाल्यावर त्यानं आकडा न सांगता डबा आईच्या हातात दिला आणि हातपाय धुवायला गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सासूबाईंनी डबा आपल्या पेटीत ठेवला आणि पेटीची किल्ली कमरेला लावली.

गोळी बंद झाल्यावर आठ-दहा दिवसांनी नणंद पुन्हा सरळ चालायला लागली. म्हणजे माझ्या हातातून डबा गेला आणि मुलगी बरी झाली. याहून मोठा पुरावा काय हवा होता? दोन गोळ्या परत सुरू झाल्या, त्या सासूबाईच द्यायच्या. तिचं ताटही त्या स्वतः वाढायला लागल्या. एकदा मी तिला चहा नेऊन दिला. सासूबाईंनी तिच्या हातातून कप घेतला आणि मोरीत ओतला. "थंड झालाय," म्हणाल्या. कपातून वाफ येत होती. आम्ही तिघींनीही ती बघितली.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "माहेरी जाऊन ये चार दिवस. झोडणीची दिवसां हायत, तुझ्या आयला मदत होईल."

माझं माहेर भिवंडी तालुक्यातच, पण आत, पडघ्याच्या पलीकडे. चार दिवसांचे आठ झाले, मग पंधरा. टेमघरहून निरोप नाही. आईनं दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं, "करमत नव्हतं म्हणून राहिले." खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटताना बरं वाटायचं. हात दुखले की डोकं थांबतं. पण संध्याकाळी मी मनातल्या मनात त्या रेघा मोजायची. आणि खोटं कशाला सांगू, एकदोनदा मलाच शंका आली. एखाद्या सकाळी मी गोळी देऊन विसरले असेन का? परत दिली असेल का? चार माणसं एकच गोष्ट म्हणायला लागली की आपली आठवणसुद्धा त्यांच्या बाजूला जाऊन बसते.

महिना होत आला होता. एका दुपारी खळ्यावरून मला दोन बाया बांधावरून येताना दिसल्या. एक मागेपुढे झोकांड्या खात होती, दुसरीनं तिला काखेत धरलं होतं. सहा आसनी रिक्षा फाट्यापर्यंतच येते, तिथून नणंद चालत आली होती. त्या स्थितीत, अर्धा तास, बांधावरून. मी हातातली पेंढी टाकून धावले.

सासूबाई खळ्याच्या कडेला बसल्या. आईनं पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. माझ्याकडे बघून बोलल्या.

"बाय, मी माझ्या हातानं दिल्या. सकाळी एक, सांजच्याला एक. डबा माझ्या पेटीत, चावी माझ्या कमरंला. तू इथं. आनि ही बघ."

माझ्या आईला काहीच कळेना. "कसल्या गोळ्या?"

तेव्हा सासूबाई गप्प राहू शकल्या असत्या. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण त्यांनी माझ्या आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरीच्या फिट, लग्नाआधी लपवलं ते, माझ्यावर घेतलेला संशय, मोरीत ओतलेला चहासुद्धा. सांगताना त्यांनी एकदाही डोळे पुसले नाहीत. आईचा चेहरा लाल होत गेला. ती उठून घरात गेली. मला वाटलं आता भांडण होणार. ती ताकाचे दोन पेले घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "आधी पोरीचं बघू. मग मी तुम्हाला काय बोलायचं ते बोलेन." ते ती पुढे बोललीही, सविस्तर, आणि सासूबाईंनी ऐकून घेतलं.

नणंद माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. जड जिभेनं म्हणाली, "मी सांगितला होता यांना. वैनी दोनच देते. मीच गिळतंय ना." तिनं खरंच सांगितलं होतं. पण ती अडखळत बोलत होती, तोल जात होता, म्हणून तिची साक्ष कुणी धरली नव्हती.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिला बाजूला बघायला सांगितलं. बुबुळं पुन्हा तशीच थरथरत होती.

यावेळी सासऱ्यांनी जीप ठरवली आणि आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या, केस पिकलेले, बोलणं सावकाश. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, औषध कोण देतं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आधी ही द्यायची, मग मी. दोघींनी दोनच दिल्या."

बाईंनी आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. मी धरून चालते की दोनच दिल्या." तेवढ्या एका वाक्यासाठी मी इतके दिवस थांबले होते.

त्यांनी तिला दाखल करून घेतलं. गोळी बंद. रोज ठरल्या वेळी रक्त घ्यायचं आणि औषध किती उतरलं ते बघायचं. आठव्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. त्या म्हणाल्या की दुसऱ्या कुणाच्या रक्तातून एवढ्या दिवसांत हे औषध कधीच निघून गेलं असतं. हिच्यात अजून बरंच शिल्लक आहे. मग वही पुढे ओढून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला एखादं औषध असं जास्त चढतं?"

सासरे म्हणाले, "न्हाय." सासूबाई म्हणाल्या, "हाय."

"यांना साखरंची गोळी हाय," त्या म्हणाल्या. "अर्धी घेतली तरी घाम फुटतो, हात कापतात. मग गूळ खायला द्यावा लागतो. डॉक्टर म्हनतो, जेवन वेळेवर देत जा. मी वेळेवरच देतंय."

सासरे जरा ओशाळले. बाई लिहीत होत्या. "अजून काही?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि ठरवून टाकलं. "धुळवडीला आमच्या शेडवरचे लोक भांग घोटतात. एका वर्षी यांनी एक लहान पेला घेतला. मुकादमानं तीन घेतले आनि तो सांजच्याला मागावर उभा. हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाटंवर. म्हनत होते, पाय माझे न्हायत, कुनाचे तरी आनून लावलेत."

बाई मोठ्यानं हसल्या. सासरेही हसले, पहिल्यांदाच त्या आठ दिवसांत. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. औषध पोटात गेलं की यकृत ते फोडून बाहेर टाकतं. मोरीतून पाणी जावं तसं. सगळ्यांच्या मोरीचं तोंड सारखं नसतं. आपण रोज दोनच तांबे ओततो, पण तोंड बारीक असेल तर पाणी साचत जातं आणि महिन्याभरात अंगण भरतं. फिटची ही गोळी, साखरेच्या काही गोळ्या, भांगेतली नशा, हे बरंचसं एकाच तोंडातून जातं. ते तोंड किती रुंद हे आईबापांकडून येतं, एक हिस्सा आईचा, एक बापाचा.

"तुमचं लग्न नात्यातलं?" त्यांनी विचारलं.

"मामाची पोर ही माझ्या," सासरे म्हणाले.

"मग तुमच्याकडचा एक मंद हिस्सा आणि कदाचित यांच्याकडचाही एक, दोन्ही हिच्याकडे आले असतील. म्हणून तुम्हाला थोडं जाणवतं आणि हिला पुष्कळ. नक्की सांगायला वेगळी तपासणी लागते, ती इथं रोज होत नाही. पण रक्ताचे आकडे तेच सांगतायत."

सासूबाई म्हणाल्या, "मी कधी तापाच्या गोळीशिवाय काय घेतलाच न्हाय. मला कसा समजनार?" मग थांबून, "म्हंजे आमच्यामुलं झाला हे?"

"तुमचं नाक तिला आलंय, ते तुमची चूक आहे का?" बाई म्हणाल्या. नणंदेनं आपल्या नाकाला हात लावला.

मग सासूबाईंनी मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. मुकादम म्हणतो, त्यांच्या गावात फिटवर भांग देतात. द्यावी का? मला वाटलं, बाई आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत.

"त्या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात," त्या म्हणाल्या. "एक आहे ते नशा आणतं. दुसरं एक आहे, कॅनाबिडिऑल म्हणतात, ते नशा आणत नाही. फिटवर त्याचा उपयोग होईल का, हे लोक शोधतायत. तेव्हा तुमचा मुकादम अगदीच खोटं बोलत नाही. पण भांगेच्या गोळीत कुठलं किती, ते घोटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या यजमानांचं एका पेल्यात काय झालं? या मुलीचं त्याहून वाईट होईल. द्यायची नाही."

मी विचारलं, "आणि ते नशा न आणणारं उद्या औषध म्हणून आलं, तर हिला चालेल?"

त्या माझ्याकडे वळल्या. त्या खोलीत मला असं कुणी उत्तर द्यायला वळलं, याचंच मला अप्रूप वाटलं. "ते बहुतेक दुसऱ्या वाटांनी फुटतं. पण त्या वाटाही माणसागणिक वेगळ्या. एकाला कमी पुरेल, दुसऱ्याला तेवढ्यात गुंगी येईल, तिसऱ्याला काहीच होणार नाही. नवं औषध आलं म्हणून माणसं सारखी होत नाहीत. हिला कुठलंही औषध द्यायचं तर अगदी थोड्यापासून, आणि बघत बघत."

तिला तीच गोळी, कमी ताकदीची, दिवसाला एक ठरली. एवढ्याशा गोळीनं काय होणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पण तेवढ्यात तिच्या रक्तात ती बरोबर हवी तेवढी राहिली. ती सरळ चालली, सरळ बोलली. पुढच्या पावसाळ्यात एक फिट आली, मग कितीतरी वर्षं आली नाही. दहावीची परीक्षा त्या साली हुकली, पुढच्या साली दिली.

मी टेमघरला परत गेले त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही गोळ्या मोजल्या होत्या. किती भरल्या?"

"बरोबर होत्या," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाईत?"

त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला. "वाटला, दुसऱ्या दुकानातून आनल्या असशील तर? आनि आयबाबांसमोर मी काय बोलनार?" पहिल्या उत्तरापेक्षा दुसरं मला जास्त लागलं. आम्ही आजही चांगला संसार करतो. पण त्या महिन्याचा विषय निघाला की आमच्यात थोडी जागा मोकळी राहते, आणि ती भरायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

हॉस्पिटलचा कागद घेऊन मी एकटीच नारपोलीच्या डॉक्टरांकडे गेले. मला त्यांना काही सुनवायचं नव्हतं, असं मी वाटेत स्वतःला सांगत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "हे मी शिकलो होतो. कधी समोर येईल असं वाटलं नव्हतं." मग कागद घडी करून परत देताना, "त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं." त्यांनी उठून मला दारापर्यंत सोडलं. सासऱ्यांनी कधी चूक झाली म्हटलं नाही. पण त्यांची साखरेची गोळी बदलली तेव्हा शेडवरून हाक मारून त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली, "बघ गो, ही कितीची हाय?" त्यानंतर त्यांच्या प्रत्येक औषधाची पट्टी आधी माझ्याकडे यायची.

मी नंतर पुष्कळदा विचार केला. औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिलेलं असतं ते कुणासाठी? सगळ्या माणसांची मिळून एक सरासरी काढतात, आणि ती सरासरी म्हणजे कुठल्याच घरात न जन्मलेलं माणूस. त्या माणसाच्या मापाचे कपडे बहुतेकांना जवळपास बसतात म्हणून कुणी तक्रार करत नाही. ज्याला बसत नाहीत, त्याच्या घरी लोक आधी गुन्हेगार शोधतात. आणि सून नवी असेल तर फार शोधावं लागत नाही. त्या महिन्यात मी माहेरी असताना तिला पुन्हा झोकांड्या गेल्या नसत्या तर? एका पोरीच्या यकृतावर माझा संसार टांगलेला होता, आणि तिला किंवा मला त्याचा पत्ता नव्हता. ती पुन्हा आजारी पडली म्हणून मी सुटले, हा विचार आजही मला नीट गिळता येत नाही.

तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी एकच अट घातली, लपवायचं नाही. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. दोन स्थळं ऐकून उठून गेली. तिसरा मुलगा कामतघरचा, त्याच्या भावाचं मेडिकल. त्यानं गोळीचं नाव विचारलं आणि म्हणाला, "एवढीशीच?" ती बाविशीत होती तेव्हा लग्न होऊन तिकडे गेली. डॉक्टर बाईंनी गरोदरपणाआधी गोळी बदलून दिली, तीही थोड्यापासून.

आता ती तिकडे शिकवण्या घेते. मध्यंतरी तिच्या वाचनात आलं की त्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य आता काही प्रकारच्या फिटवर औषध म्हणून देतात. तिनं मला फोन केला. आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो. हे नवे, तरुण डॉक्टर. ते म्हणाले की तिची फिट आहे त्या गोळीनं आटोक्यात आहे, तेव्हा गरज नाही. आणि कधी लागलंच तर आधी यकृत तपासायचं, चालू गोळीची पातळी बघायची, कारण ती दोन औषधं एकमेकांच्या वाटेतही येतात. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं, मी नको म्हटलं तरी रिक्षाचे पैसे स्वतः दिले आणि चारच्या शिकवणीला मुलं यायची म्हणून घाईघाईनं कामतघरच्या रिक्षात बसली.